पिंगळीच्या लेथला अक्कल शिकवताना

परभणीला मी गेले ते एका यंत्राला अक्कल शिकवायला. हे वाक्य निघण्यापूर्वी मी घरी, सोसायटीत आणि व्हॉट्सॲपच्या दोन गटांवर इतक्यांदा ऐकवलं होतं की आता लिहिताना जरा लाज वाटते. पण प्रवासवर्णन लिहायचं तर प्रवासाचं कारण खरं सांगायला हवं.

पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत मी सॉफ्टवेअर आर्किटेक्ट आहे. संगणकाच्या हुकमावर धातू कातणारे सीएनसी लेथ आणि तत्सम स्वयंचलित यंत्रं यांच्यावर बसवायची एक प्रणाली आम्ही तयार केली आहे. यंत्राला सेन्सर लावायचे, त्यांनी कंप, उष्णता आणि मोटरवरचा ताण मोजायचा, आणि आमच्या सॉफ्टवेअरनं ठरवायचं की वेग वाढवू, कमी करू, की थांबू. यातला कुठला भाग कुणाला हुकूम देणार आणि कुणाचं ऐकणार, याचा आराखडा काढणं हे माझं काम. माझ्या आराखड्यात चार थर आहेत. तळाला यंत्र, त्यावर सेन्सर, त्यावर निर्णय घेणारा थर, आणि सगळ्यात वर अनुभवातून शिकणारा थर. चित्र देखणं आहे. निळ्या रंगाच्या चार छटा वापरल्या आहेत. यंत्रावर काम करणारा माणूस उजव्या कोपऱ्यात आहे, ठिपक्यांच्या चौकटीत.

पिंगळीच्या एका वर्कशॉपनं ही प्रणाली महिनाभर चालवली होती आणि त्यांची एकच तक्रार होती: यंत्र कारण नसताना थांबतं. आम्ही पुण्यात बसून दोनदा सेन्सर बदलायला लावले. तिसऱ्यांदा तक्रार आली तेव्हा आमचे साहेब म्हणाले, "तूच जाऊन ये. आणि येताना प्रणाली स्वीकारल्याची त्यांची सही घेऊन ये."

परभणी, पहिली सकाळ

मराठवाडा म्हणजे ऊन, एवढ्या भूगोलावर मी सुती कुर्ते आणि दोन टोप्या भरून निघाले होते. पौषातल्या सकाळी परभणी स्टेशनवर उतरले तेव्हा माझे दात वाजत होते. वर्कशॉपचे मालक सुमेध वाव्हळे न्यायला आले होते. माझ्याकडे एकदा नीट पाहून त्यांनी गाडीच्या मागच्या सीटवरून मरून रंगाची माकडटोपी काढली.

"मॅडम, कुणी सांगितलं न्हाई का तुमाला? हितं थंडी लय पडती. घाला. लाजायचं काम न्हाई, सगळेच घालतेत."

कंपनीच्या वतीनं ग्राहकाकडे पहिलं पाऊल मी माकडटोपीत टाकलं.

वाटेत नाश्त्याला थांबलो. "सुशीला घ्या," सुमेध म्हणाले, आणि कुणी बाई भेटायला येतायत असं समजून मी दाराकडे पाहिलं. आली ती बशी. भिजवलेले चुरमुरे, हिरवी मिरची, शेंगदाणे, वर कोथिंबीर. आमच्याकडे पोह्यांच्या बशीत शेंगदाणे मोजून येतात. इथं चुरमुरे शोधावे लागत होते. मी अर्ध्यावर हात आखडता घेतला तर हॉटेलवाल्यानं काळजीनं विचारलं, "कामून? तिखट झालं का?" आणि उत्तराची वाट न पाहता आणखी एक डाव वाढला.

वर्कशॉप पिंगळी स्टेशनच्या अलीकडे, एका बाजूला तूर आणि दुसऱ्या बाजूला वेचून झालेली कापसाची पऱ्हाटी. रेल्वेचा रूळ दोन शेतं सोडून. आत दोन साधे लेथ, एक ड्रिल आणि मधोमध, ओळीतल्या नव्या सुनेसारखा, आमची प्रणाली बसवलेला पांढरा सीएनसी लेथ. त्यावर पेरणी यंत्राचे लांब शाफ्ट, म्हणजे फिरते दांडे, कातले जातात. चाकणला आठ वर्षं नोकरी करून सुमेध गावी परतले आणि हे उभं केलं. ऑफिसात बुद्धाची छोटी मूर्ती, एक कॅलेंडर आणि लॅमिनेट केलेला माझा चार थरांचा आराखडा होता. निळ्या छटा इथल्या उजेडात आणखी छान दिसत होत्या.

यंत्र चालवणाऱ्या अनुसया जाधव तिशीच्या होत्या. आयटीआय झालेल्या, माहेर बोरीचं, सासर इथलंच. साडीवर निळा कोट, त्यावर सेफ्टी चष्मा. त्यांनी मला नमस्कार केला आणि पुन्हा यंत्राकडे वळल्या.

साडेदहाच्या सुमाराला यंत्र थांबलं. पडद्यावर मीच लिहिलेलं शुद्ध मराठी वाक्य उमटलं: "असामान्य कंप. काम थांबवले आहे."

मी लॅपटॉप उघडला, तारा जोडल्या, आलेख काढले. अनुसयाताई शेजारी उभ्या राहून हात पुसत होत्या.

"त्याला काय बी झालं न्हाई, मॅडम. गाडी यायलीय."

"कुठली गाडी?"

तेवढ्यात दोन शेतांपलीकडून मालगाडी धडधडत गेली. टेबलावरचा चहा थरथरला. गाडी गेली, त्यांनी हिरवं बटण दाबलं, यंत्र पुन्हा सुरू झालं.

"रोज आसंच करायलंय," त्या म्हणाल्या. "मी फोनवर बी सांगितलं होतं. तुमचे सायब म्हनले, सेन्सर बदला."

ते साहेब म्हणजे मीच, आवाज फोनवर जरा जाड येतो. हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही.

पिंगळी, यंत्र शिकू लागतं

महिनाभर गूढ वाटलेलं कोडं एका चहात सुटलं याचं मला खरं तर दुःख झालं. पण माझ्याकडे सगळ्यात वरचा थर होता. तो आजवर बंद ठेवला होता. आता मी तो सुरू केला आणि महिनाभराच्या नोंदी त्याच्यापुढं टाकल्या. शीक म्हटलं.

तो शिकला. दुसऱ्या दिवशी दहा वाजून पंचवीस मिनिटांनी यंत्रानं आपणहून वेग कमी केला आणि थांबलं. गाडी येण्याच्या आधीच! मी जवळजवळ टाळ्या वाजवल्या. कंप व्हायच्या आत यंत्र सावध झालं होतं. ही गोष्ट पुण्यात सांगितली तर साहेब स्लाइड करतील, असा विचारही मनात येऊन गेला.

गाडी मात्र आली नाही. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. यंत्र फलाटावरच्या प्रवाशासारखं उभं होतं. चालू करावं तर पुन्हा थांबत होतं. रेल्वेचं वेळापत्रक त्यानं अचूक पाठ केलं होतं. रेल्वेनं केलेलं नव्हतं.

"मॅडम," अनुसयाताईंनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "त्याला इचारा बरं, दुपारची गाडी किती वाजता हाय? माझी नणंद यायलीय."

सुमेध तोंड फिरवून खोकले. दुपारपर्यंत शेजारच्या गोदामातले दोघं गाडीची चौकशी करायला येऊन गेले.

मी हार मानणारी नव्हते. संध्याकाळपर्यंत नवा नियम लिहिला. वेळ नाही, कंपाची चाल बघायची. गाडीचा कंप हळूहळू चढतो, ठरावीक तालात चालतो, हळूहळू उतरतो. तो ताल ओळखला की समजायचं, गाडी आहे. दुर्लक्ष करायचं आणि काम चालू ठेवायचं. चाचणी केली. मालगाडी गेली, चहा थरथरला, यंत्र चालतच राहिलं. पडद्यावर हिरव्या अक्षरात आलं: "बाह्य कंप: रेल्वे. काम सुरू."

सुमेधनी हात जोडले. "जमलं, मॅडम!"

अनुसयाताईंनी यंत्राच्या दाराची काच पुसली.

देवगाव फाट्याजवळ, हुरडा

दुसऱ्या दिवशी लाइनच्या कामामुळं वीज बंद राहणार होती. सुमेधच्या बहिणीचं शेत देवगाव फाट्याच्या पुढं आहे. तिथं हुरड्याला जायचं ठरलं. काळीभोर जमीन आणि त्यावर नजर पोचेल तिथवर ज्वारी. पुण्याहून हुरडा पार्टीला जाणाऱ्यांना तिकिटासोबत बैलगाडीची फेरी आणि फेटा मिळतो. इथं कणसं भाजायला एक गोवऱ्यांचा आर, म्हणजे निखाऱ्यांचा खड्डा, पोत्याची बैठक आणि शेंगदाण्याची चटणी एवढंच होतं. सुमेधची बहीण भाजलेली कणसं तळहातावर चोळून गरम दाणे माझ्या ओंजळीत टाकत होती आणि मी नको म्हणायला तोंड उघडलं की ते संधी समजत होती.

सुमेधचे वडील तिथंच भेटले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. त्यांनी पिशवीतून गुंडाळी काढून माझ्यासमोर उलगडली. घराचा नकाशा होता.

"तुमी आर्किटेक्ट म्हनं. बघा बरं, सैपाकघर हितं बरं का तितं?"

मी घरांची नव्हे, सॉफ्टवेअरची आर्किटेक्ट, हे समजावायला मी मातीत काटकीनं चार थर काढले. गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवून ते विद्यार्थ्याची वही तपासावी तसे तपासले.

"चार मजले," ते म्हणाले. "जिना कुठं हाय?"

सगळे हसले, मीही. मग मी त्यांना स्वयंपाकघर पूर्वेला घ्या म्हणून सांगून टाकलं. माझ्या सल्ल्यांपैकी तोच तेवढा त्या आठवड्यात निर्धोक ठरला.

पिंगळी, शुक्रवार

शुक्रवारी ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा असा डबा सुमेधच्या घरून आला होता. जेवणं झाली आणि एकच्या सुमाराला मी ऑफिसात बसून स्वीकृतीचा कागद भरत होते. मधल्या काचेतून अनुसयाताई दिसत होत्या. लांब शाफ्ट यंत्रात फिरत होता, त्याला थंड ठेवणारं पांढरं पाणी उडत होतं. गाडीचा आवाज आला. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली.

मग दुसरा एक आवाज आला. गाडीच्या आवाजात मिसळलेला, पण कर्कश. धातू कातणाऱ्या हत्याराचं टोक तुटलं होतं आणि फिरता शाफ्ट आतल्या आत झोके खायला लागला होता. अनुसयाताईंनी लगेच थांबवायचं बटण दाबलं. मी काचेतून ते पाहिलं. यंत्र थांबलं नाही.

ते का थांबलं नाही हे त्या क्षणी फक्त मला माहीत होतं. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यानं तक्रार केली होती की कामगार चहासाठी उगाच यंत्र थांबवतात. म्हणून मी आराखड्यात सुधारणा केली होती. माणसानं बटण दाबलं तर तो हुकूम आधी निर्णयाच्या थराकडे जाईल, थर परिस्थिती तपासेल, आणि गरज नसेल तर माणसाला एक प्रश्न विचारेल. त्या सुधारणेसाठी मला बक्षीस मिळालं होतं. निर्णयाच्या थरानं आता परिस्थिती तपासली. त्याच्या मते गाडी चालली होती. पडद्यावर आलं: "ऑपरेटरने थांबण्याची विनंती केली आहे. सध्या थांबण्याची गरज दिसत नाही. खात्री आहे का?" खाली दोन चौकोन, हो आणि नाही.

अनुसयाताईंनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी यंत्राच्या कडेच्या मोठ्या लाल बटणावर हाताचा पंजा मारला आणि मागं उडी घेतली.

यंत्र जागच्या जागी मेलं. त्याच्या थोडं आधी, की त्याच वेळी, खट्ट असा आवाज झाला. मी धावत गेले. शाफ्ट विळ्यासारखा वाकला होता. दाराच्या जाड काचेत तडा गेला होता, मधोमध एक बारीक खड्डा आणि भोवती पसरलेल्या रेघा. उडालेला तुकडा तिथं आदळला होता. तो खड्डा अनुसयाताईंच्या डोळ्यांच्या उंचीवर होता. काच टिकली होती.

त्यांना काही लागलं नव्हतं. गाडी अजून जातच होती.

त्या लाल बटणाबद्दल एक गोष्ट इथं कबूल करायला हवी. ते बटण थेट विजेची वाट तोडतं. मधे सॉफ्टवेअर नाही. तसंच असावं असा नियम आहे. पण मी आल्या दिवशी केलेल्या टिपणात ते "प्रणालीशी न जोडलेला घटक" म्हणून त्रुटींच्या यादीत टाकलं होतं.

अनुसयाताई बाहेर लोखंडी पट्ट्यांच्या ढिगावर बसून पाणी प्यायल्या. मी शेजारी बसले. त्यांनी तांब्या माझ्याकडे सरकवला.

"ताई, चूक माझी आहे," मी म्हणाले. "तो प्रश्न मी लिहिलाय. फोनवर सेन्सर बदला म्हणणारीही मीच."

"आवाज ओळखला होता मी," त्या म्हणाल्या. "पैल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"पावन्याला काय बोलायचं?" त्यांनी कोटाला हात पुसले. मग म्हणाल्या, "पन एक सांगू का? पडद्यावर काय लिवलं होतं ते मी मागून वाचलं. इनंती केली म्हनं. मी इनंती केली न्हवती, मॅडम. मी थांबवलं होतं."

वीस वर्षं मी शब्द निवडून पडद्यावर टाकते आहे, आणि तो शब्द मला सभ्य वाटला होता.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. सही झाली का, एवढंच त्यांना हवं होतं. मी अपघात सांगितला. ते म्हणाले, कुणाला लागलं नाही ना, मग तो किरकोळ प्रसंग आहे, सही घे, बाकीचं पुढच्या आवृत्तीत बघू. सुमेध समोरच बसले होते. फोन ठेवल्यावर त्यांनी खिशातून पेन काढलं.

"करतो मी सही, मॅडम. तुमी चांगलं माणूस. तुमाला कामून अडचणीत आनू?"

पाहुणचाराची इतकी भीती मला आधी कधी वाटली नव्हती. मी तो कागद त्यांच्या हातातून परत घेतला आणि दोन दिवस मागितले.

पिंगळी, शेवटचे दोन दिवस

त्या दोन दिवसांत मी नवीन काही बांधलं नाही, पाडलं. थांबवायच्या बटणाची वाट निर्णयाच्या थरातून काढून थेट यंत्राला जोडली. प्रश्न पुसला. शिकणारा थर यापुढं फक्त सुचवू शकेल, माणसाला अडवू शकणार नाही, असं केलं. आणि गाडीसाठी एक सेन्सर जमिनीवर बसवला. जमीन हलली आणि यंत्र तेवढंच हललं तर गाडी. यंत्र जास्त हललं किंवा शंका आली तर थांबायचं.

"म्हणजे कधीकधी गाडीमुळंही थांबेल," मी अनुसयाताईंना सांगितलं. "तुमची मूळ तक्रार तीच होती."

"थांबू दे की. दोन मिनटाचं काय?" त्या म्हणाल्या. "पन मी थांब म्हनल्यावर थांबलं पायजे."

यंत्र रिकामं फिरवून त्यांनी ते करून पाहिलं. एकदा नाही, पंधरा-वीस वेळा. गाडी असताना, नसताना, सुरुवातीला, मधेच. प्रत्येक वेळी यंत्र थांबलं आणि प्रत्येक वेळी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेवटी त्यांनी मान हलवली. बक्षीस मिळालं तेव्हाही मला एवढं बरं वाटलं नव्हतं.

मग मी स्वीकृतीचा कागद पुन्हा भरला. "शेरा" असं लिहिलेल्या अर्ध्या इंचाच्या जागेत अपघात मावेना, म्हणून मागच्या पानावर सगळं लिहिलं. काय झालं, कशामुळं झालं आणि आराखडा कुणाचा होता तेही. सुमेधनी सही केली. यंत्र चालवणाऱ्याच्या सहीसाठी आमच्या कागदावर जागाच नव्हती. मी पट्टी घेऊन एक रेघ मारली. अनुसयाताईंनी चष्मा काढून पूर्ण मजकूर वाचला, दोन ठिकाणी काना-मात्रा सुधारली आणि त्या रेघेवर पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या गावासकट.

निघताना डब्यात भाकऱ्या आणि पाव किलो शेंगदाण्याची चटणी होती. माकडटोपी परत करू लागले तर सुमेध रागावले.

पुणे

साहेबांनी मागचं पान वाचलं आणि पंधरा दिवस माझ्याशी फक्त ईमेलवर बोलले, आमची टेबलं समोरासमोर असूनही. मग दुसऱ्या एका ग्राहकाच्या सुरक्षा विभागानं विचारलं, माणसानं थांब म्हटल्यावर तुमचं यंत्र लगेच थांबतं का, आणि अचानक माझं पाडकाम कंपनीचं धोरण झालं. आता आमच्या माहितीपत्रकावर "माणूस केंद्रस्थानी" असं मोठ्या अक्षरात छापलंय. चित्रात पाचवी निळी छटा आली आहे.

गेल्या महिन्यात नव्या आराखड्यावर बैठक झाली. नुकताच रुजू झालेला एक हुशार इंजिनिअर चित्र बारकाईनं बघत होता. त्यानं बोट ठेवून विचारलं, "मॅडम, ऑपरेटरच्या बटणाची ओळ इथून सरळ खाली जाते. मधे तपासणी काहीच नाही. समजा, त्याची चूक झाली तर?"

खोलीतले सगळे माझ्याकडे वळले. काही वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी विचारला होता, आणि त्याचं उत्तर म्हणून दोन पानं लिहिली होती.

"तर यंत्र थांबेल," मी म्हणाले.

तो पुढच्या वाक्याची वाट बघत राहिला.